मराठी चॅट सेव्ह केलं की मोडतं, अर्धं येतं, सापडत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

साताऱ्यात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. पूर्वी लोक हस्तलिखित घेऊन यायचे. आता व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवतात आणि म्हणतात, "एआयशी बोलून सगळं लिहून काढलंय, पण सेव्ह केल्यावर हे असं झालंय." कुणाचा प्रबंध असतो, कुणाचं घराण्याचं टिपण, कुणाच्या आजारपणाच्या नोंदी. दर आठवड्याला दोन-तीन जण तरी येतात आणि बिघाड ठरलेलेच असतात. तुमच्या फाइलमध्ये काय दिसतंय ते आधी ओळखा.

१. मराठीच्या जागी नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा कोरी जागा.
२. अक्षरं आहेत, पण सुटी सुटी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात, रफार डोक्यावर चढत नाही.
३. ओळभर एकच नक्षी: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी चार काटे फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनची खूण, मग पुन्हा तेच.
४. उलटी तिरकी रेघ, रोमन यू, पुढे ०९२, ०९३ असे आकडे. पानंच्या पानं.
५. शेवटचे काही प्रश्न आलेत, वरचं सगळं गायब. किंवा छापायला दिलं तर एकच पान येतं.
६. कंपनीकडून डेटा मागवला, झिप आली, पण हवं ते संभाषण तिच्यात नाही.
७. पीडीएफ दिसायला सुंदर, पण तिच्यातून कॉपी केलं की भलतंच उमटतं.
८. सेव्ह करताना किंवा झिप उघडताना 'नाव फार लांब आहे' असा निरोप येतो.
९. तारखा एक दिवस मागे दिसतात.

आता तपासण्या. फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या आधी, डोकेदुखीच्या नंतर.

मूळ चॅट अजून जागेवर आहे का?

फाइल मिळाली म्हणून मूळ चॅट डिलीट करू नका. केलं नसेल तर आता हातही लावू नका. मूळ जागेवर असेल तर खालचा प्रत्येक बिघाड दुरुस्त होतो. मूळ गेलं असेल तर हातात आहे त्या फाइलमधून निघेल तेवढंच आपलं.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. तीन महिने रोज थोडं थोडं बोलून त्यांनी आपल्या घराण्याची हकिकत जमवली होती: आजोबांचा वाडा, प्लेगात सोडलेलं गाव, जात्यावरच्या ओव्या. कुठल्याशा एक्स्टेन्शननं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमनं, पीडीएफ काढली आणि जागा मोकळी करावी म्हणून मूळ चॅट पुसून टाकलं. पीडीएफ उघडली तर लक्षण क्रमांक दोन. "अरे, मला माझंच वाचता येत नाही रे," म्हणाल्या. त्यांचं पुढे काय झालं ते पुढच्याच तपासणीत सांगतो, कारण त्यात तुमच्याही उपयोगाचं आहे.

चॅट दिसतच नसेल तर आधी खातं बघा. फोनवर 'गूगलनं साइन इन' केलेलं असतं आणि लॅपटॉपवर ईमेल-पासवर्ड टाकून दुसरंच खातं उघडलेलं असतं. माझ्याकडे 'हरवलेली' म्हणून येणारी कितीतरी चॅट्स अशी दुसऱ्या खात्यात सुखरूप सापडली आहेत. चॅटजीपीटीत 'आर्काइव्ह' केलेली चॅट्स बाजूच्या यादीतून दिसेनाशी होतात, पण सेटिंग्जमध्ये असतात, तिथेही बघा. 'टेम्पररी चॅट' मात्र इतिहासात कधी येतच नाही, ते शोधण्यात वेळ घालवू नका.

मोडलेल्या फाइलमधून मजकूर कॉपी करून बघा

हे कुणी करत नाही, कारण दिसायला मोडलेलं म्हणजे आतूनही मोडलेलं असणार असं सगळे धरून चालतात.

देवनागरीत अक्षरं साठवण्याचा क्रम वेगळा आणि मांडण्याचा वेगळा. 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी काढावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो, द आणि य जोडून द्य करावा लागतो. ही मांडणी करणारा एक वेगळा भाग असतो. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत ते काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं. बऱ्याच एक्स्टेन्शनमध्ये पीडीएफ बनवणारा छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला हे जमत नाही. तो साठवलेल्या क्रमानं एकेक अक्षर ठेवत जातो. रोमन लिपीचं त्यात काही बिघडत नाही. आपलं सगळं बिघडतं.

पण म्हणजे क्रम शाबूत आहे! अशा पीडीएफमधून मजकूर निवडून वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये चिकटवला, तर तिथलं मांडणीचं इंजिन अक्षरं पुन्हा जुळवतं. बाईंची फाइल अशीच परत मिळाली. ओळी मध्येच तुटल्या होत्या, पानांचे आकडे मजकुरात शिरले होते. ते आवरायला दोन दुपारी लागल्या, पण ओव्यांसकट सगळं निघालं.

उलट, सातवं लक्षण: दिसायला अगदी बरोबर असलेली पीडीएफ कॉपी करताना दगा देते. तिथे जोडाक्षरांचे तयार आकार बसवलेले असतात आणि आकारावरून मूळ अक्षराकडे परतायचा रस्ता अनेकदा अपुरा असतो. म्हणून पीडीएफ ही छापायला आणि कुणाला वाचायला द्यायला ठीक आहे. जतन करायची प्रत मजकुराचीच हवी: साधी टेक्स्ट, मार्कडाऊन (म्हणजे काय ते पुढे येतंय) किंवा एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची फाइल.

चौकोनांचं तसं नाही. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरच नव्हतं, म्हणून प्रोग्रॅमनं रिकामी चौकट ठेवली. कॉपी करून बघा, पण बहुतेक वेळा मागे काही उरलेलं नसतं. पीडीएफ म्हणजे पानांचे फोटोच असतील आणि मजकूर निवडताच येत नसेल, तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' करा. तिथलं ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणारी सोय, मराठी ओळखतं. नंतर प्रत्येक ओळ डोळ्याखालून घालावी लागेल, तेवढी तयारी ठेवा.

चुकीच्या पद्धतीनं उघडलंय का?

तिसरं आणि चौथं लक्षण बघून लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि नेमकं त्यातच नुकसान काहीच झालेलं नसतं.

यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. फाइल पाश्चात्त्य लिपीची आहे असं समजून एक्सेलनं उघडली की प्रत्येक बाइटचं एक रोमन चिन्ह होतं. म्हणून तो रेघवाला ए आणि ते काटेरी वर्तुळ ओळभर पुन्हा पुन्हा दिसतं. असं दिसलं की सेव्ह करू नका. तशीच बंद करा. सेव्ह केलंत तर बऱ्या फाइलच्या जागी खरंच बिघडलेली फाइल तयार होते.

सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर फाइल, असेल तर एक्सेलमध्ये रिकामी शीट उघडा, 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही' घ्या, 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. टेक्स्ट किंवा एचटीएमएल असेल तर क्रोममध्ये ओढून टाका. तिथेही तीच नक्षी आली तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'सेव्ह ॲज'मध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८ विथ बीओएम' ठेवून दुसऱ्या नावानं साठवा.

रोमन यू आणि आकडे दिसत असतील तर ती जेसन फाइल, म्हणजे प्रोग्रॅमनं वाचायची मजकूर फाइल, आहे आणि प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकानं लिहिलंय. ०९२ई म्हणजे म, ०९३० म्हणजे र. हे नुकसान नाही, साठवायची एक सुरक्षित रीत आहे. त्याच झिपमध्ये एचटीएमएल फाइल असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडा, तिथे मराठी दिसेल.

एका वाक्याची चाचणी

नवं साधन घेण्याआधी मी हे वाक्य नव्या चॅटमध्ये टाकतो, एक ओळ उत्तर घेतो आणि तेवढंच एक्सपोर्ट करून बघतो:

*तिसऱ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या तासाला सकाळी ॲल्युमिनियमची किटली ओट्यावर ठेवली.*

'वि' आणि 'कि'ची वेलांटी जागेवर आहे का बघा. 'र्थ्यां'मध्ये रफार आणि अनुस्वार दोन्ही डोक्यावर हवेत. 'ॲ'च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. 'ळ' आणि 'ज्ञ' सहसा सांभाळले जातात.

सगळ्यात बारीक नजरेनं 'ऱ्या' बघा. काही कीबोर्ड हा अर्धा र एका न दिसणाऱ्या जोड-चिन्हाच्या मदतीनं लिहितात. मजकूर 'स्वच्छ' करणारी साधनं ते चिन्ह कचरा समजून काढून टाकतात. मग डोंगरातल्या 'दऱ्या'चा समुद्राचा 'दर्या' होतो आणि 'आचाऱ्यास' दिलेली दक्षिणा 'आचार्यास' पोचते. पान वरवर चाळताना हे कळत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. हिंदीत ही अडचण नाही, म्हणून 'इंडियन लँग्वेजेस सपोर्टेड' अशी पाटी असलेली साधनंही इथे घसरतात. माझ्यापुरता नियम सोपा आहे: ऱ्या मोडला की साधन बाद, बाकी कितीही चांगलं असो.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर काळजी नको. मजकूर तोच असतो, फॉन्टचं वळण वेगळं असतं. फॉन्ट बदला. आयआयटी मुंबईचा 'शोभिका' किंवा 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट लावून बघा, दोन्ही मोफत आहेत.

याच चाचणीत एक छोटा तक्ता आणि गणित-विज्ञानवाल्यांनी एक सूत्रही मागून घ्यावं. तक्त्याचे रकाने एकमेकांत घुसणं फार नेहमीचं आहे.

ब्राउझरचीच छपाई

एकच चॅट हवं असेल तर एक्स्टेन्शनची गरजच नाही. कॉम्प्युटरवर चॅट उघडा, कंट्रोल आणि पी दाबा, 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा. अक्षरं ब्राउझर स्वतः मांडतो, म्हणून देवनागरी नीट येते.

अडचण पाचव्या लक्षणाची. चॅट हे पानाच्या आत वेगळ्या सरकत्या चौकटीत असतं, आणि लांब चॅटचा जुना भाग तुम्ही वर सरकल्याशिवाय उतरतच नाही. छपाईला जेवढं उतरलंय किंवा दिसतंय तेवढंच मिळतं. एक्स्टेन्शनलाही तेवढंच मिळतं, म्हणून 'अर्धं आलं' ही तक्रार कुठल्याही साधनाबाबत होऊ शकते. उपाय: अगदी पहिल्या प्रश्नापर्यंत वर जा, थांबा, सगळं उतरू द्या, मग हळूहळू खाली या आणि मग छापा. तरी एकच पान आलं तर पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत निवडून गूगल डॉक्समध्ये चिकटवा. गूगलच्या जेमिनीत प्रत्येक उत्तराखाली डॉक्समध्ये पाठवायची सोयही आहे, पण ती त्या एका उत्तरापुरती.

शेअर लिंक बनवून ती खासगी खिडकीत उघडली तर छपाई अनेकदा सरळ येते. मात्र ती लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं वाचता येतं. २०२५ च्या जुलैअखेरीस चॅटजीपीटीच्या शेअर केलेल्या कितीतरी गप्पा गूगलच्या शोधात दिसू लागल्या होत्या. शेअर करताना 'शोधात दिसू द्या' अशी खूण करायची सोय होती, ती नंतर चॅटजीपीटीच्या कंपनीनं, ओपनएआयनं, काढून टाकली. तेव्हा काम झालं की सेटिंग्जमध्ये जाऊन लिंक पुसा. आणि लिंक म्हणजे जतन, असं समजू नका. ती बनवली त्या क्षणापर्यंतचंच बोलणं दाखवते आणि चॅटजीपीटीत मूळ चॅट पुसलं की तीही जाते.

बाजूच्या खिडकीत उघडणारा मजकूर, म्हणजे चॅटजीपीटीचा कॅनव्हास किंवा क्लॉड या दुसऱ्या एआयचं आर्टिफॅक्ट, या कुठल्याच वाटेनं येईल असं धरू नका. तो वेगळा उघडून वेगळा उतरवा. प्रबंधाचा अंतिम मसुदा नेमका तिथेच असतो.

कंपनीकडून स्वतःचा सगळा डेटा मागवा

फुकट आहे, फक्त वाट बघावी लागते. सगळं एकदम हवं असेल तर माझं पहिलं मत यालाच.

चॅटजीपीटीत सेटिंग्ज, मग डेटा कंट्रोल्स, मग एक्सपोर्ट डेटा. क्लॉडमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, एक्सपोर्ट डेटा, तेही ब्राउझरवरून किंवा डेस्कटॉप ॲपवरून. दोन्हीकडे ईमेलवर लिंक येते आणि ती २४ तासच चालते. रात्री मागवलं, दोन दिवसांनी ईमेल बघितली आणि लिंक मेलेली, हे इतक्यांदा झालंय की मी आता लोकांना सांगतो, ज्या दिवशी घरी कॉम्प्युटरसमोर असाल त्या सकाळी मागवा आणि स्पॅमचा कप्पा बघत राहा. लिंक मेली तर पुन्हा मागवा, नुकसान काही नाही.

जेमिनीसाठी गूगल टेकआउट, म्हणजे गूगलकडचा आपला डेटा उतरवायची सोय. इथे एक खड्डा आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. यादीत 'जेमिनी' असं नाव दिसतं, माणूस खूण करतो, झिप येते आणि तिच्यात गप्पाच नाहीत. त्या नावाखाली तुम्ही बनवलेले 'जेम्स', म्हणजे ठरावीक कामासाठी घडवलेले सहायक, येतात. गप्पा हव्या असतील तर 'माय ॲक्टिव्हिटी' निवडा आणि त्याच्या आत 'जेमिनी ॲप्स'. तिथेही संभाषणाप्रमाणे गट मिळत नाहीत, प्रत्येक प्रश्न त्याच्या वेळेनुसार सुटा येतो. जेमिनीची नोंद ठेवायचं सेटिंग बंद असेल तर बोलणं ७२ तासांपुरतंच ठेवलं जातं, आणि चालू असेल तरी तुम्ही काही बदललं नसेल तर १८ महिन्यांनी नोंद आपोआप पुसली जाते. 'गेल्याच्या गेल्या वर्षीचं का नाही?' याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

या अधिकृत डेटाचं एक मोठं बळ आहे. तुम्ही प्रश्न दुरुस्त करून पुन्हा विचारला की चॅटला फांदी फुटते, उत्तराखाली छोटे बाण दिसतात. छपाई आणि बहुतेक एक्स्टेन्शन समोर दिसणारी एकच फांदी घेतात. चॅटजीपीटीच्या जेसनमध्ये सगळ्या फांद्या असतात. तुमचा चांगला परिच्छेद आधीच्या फांदीत राहिला असेल तर तो तिथे मिळेल.

नवव्या लक्षणाचं कारणही इथेच. जेसनमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेवरून मोजलेली असते, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ३ वाजता केलेलं बोलणं आदल्या रात्री साडेनऊचं दिसतं.

फाइलचं नाव

चॅटचं शीर्षकच फाइलचं नाव करायची बहुतेक साधनांची सवय असते. लिनक्सवर आणि अँड्रॉइडवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमनमध्ये ती २५५ अक्षरं होतात, देवनागरीत ८५ चिन्हं. वेलांटी, काना, पाय मोडणं, सगळं वेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांनी' हा एक शब्द ४५ बाइट खातो. विंडोजवर फोल्डरसकट पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची अडचण येते, शिवाय नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, आणि आपली निम्मी शीर्षकं प्रश्नच असतात. शीर्षक आधीच बदलून तारीख आणि दोन शब्द एवढंच ठेवा. झिप 'डाऊनलोड्स'च्या आत पाच फोल्डर खोल न उघडता थेट डी ड्राइव्हवर उघडा. नावांची अक्षरं बिघडली तर ७-झिप या झिप उघडायच्या प्रोग्रॅमनं उघडून बघा.

मग एक्स्टेन्शन, आणि तेही जपून

रोज दहा चॅट्स जतन करणारे अनुवादक, वकील, संशोधक असतात. त्यांना एक्स्टेन्शन लागतं, ते समजू शकतो. निवडताना मी तारे बघत नाही. पाच तारे देणाऱ्यांनी रोमन लिपीत काम केलेलं असतं, त्यांच्या समाधानाचा आपल्या रफाराशी संबंध नाही.

आधी परवानग्या बघा. चॅटजीपीटीचं संभाषण उतरवायला त्या एका साइटची परवानगी पुरते. 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' मागत असेल तर नको म्हणा. तुमची बँकही एक वेबसाइटच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये कोई सिक्युरिटी या कंपनीनं उघड केलं की अर्बन व्हीपीएन प्रॉक्सी हे साठ लाखांवर लोकांनी घेतलेलं क्रोम एक्स्टेन्शन चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनीवरच्या गप्पा गोळा करत होतं. आधी तसं नव्हतं, जुलै २०२५ च्या एका अपडेटनं ते सुरू झालं. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतात, म्हणजे आज तपासलेलं उद्या तेच असेल याची हमी नाही. म्हणून मी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल ठेवतो, तिथे एक्स्टेन्शन टाकतो, काम करतो, काढून टाकतो.

दुसरं, फाइल कुठे बनते? चॅट पूर्ण उतरवा, वाय-फाय बंद करा, मग एक्सपोर्ट दाबा. फाइल आली तर ती तुमच्याच मशीनवर बनली. आली नाही तर तुमचा मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन येतो. (पहिल्या बाबतीतही ते नंतर काही पाठवणार नाही, असं यावरून सिद्ध होत नाही. म्हणून परवानगीची तपासणी आधी.) 'लिंक चिकटवा, पीडीएफ मिळवा' अशा वेबसाइटवर आजारपण, घरातले वाद, पक्षकाराची कागदपत्रं, यातलं काहीही टाकू नका.

तिसरं, मार्कडाऊन देतं का? मार्कडाऊन म्हणजे साधा मजकूर, शीर्षकाला आणि ठळक अक्षरांना एक-दोन खुणा. कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो, शोधता येतो, वीस वर्षांनीही उघडेल. त्यावरून वर्डची फाइल हवी असेल तर पॅनडॉक हे मोफत साधन वापरा. पॅनडॉकवरून थेट पीडीएफ काढू नका, त्याच्या मूळ सेटिंगमध्ये देवनागरी येत नाही. आधी वर्डची फाइल, मग वर्ड किंवा लिबरऑफिसमधून पीडीएफ.

छापायला द्यायचं असेल तर

हा माझा रोजचा धंदा आहे, थोडक्यात सांगतो. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमला युनिकोड कळत नाही, तिथे थेट चिकटवलं की प्रश्नचिन्हंच येणार. श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून मजकूर न्यावा लागतो आणि तिथे 'ऱ्या', 'ॲ' पुन्हा तपासावे लागतात. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं सुटी दिसली तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावा. ऑपरेटरला पीडीएफ देऊ नका, वर्डची फाइल द्या. त्याचे दोन दिवस आणि तुमचे पैसे वाचतील.

जतन झालं असं कधी म्हणायचं? फाइल दुसऱ्या मशीनवर उघडा, चॅटच्या अगदी मधला एखादा शब्द आठवून शोधा, पहिला आणि शेवटचा प्रश्न ताडून बघा. हे तिन्ही जमलं की मगच मूळ पुसायचा विचार करा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

चॅट पुसून बरेच दिवस झाले असतील तर थांबा. ओपनएआय पुसलेलं चॅट ३० दिवसांच्या आत कायमचं काढून टाकायच्या यादीत घालतं आणि वापरकर्त्याला ते परत मिळत नाही. 'रिकव्हर करून देतो' म्हणून पैसे आणि पासवर्ड मागणाऱ्याला काहीही देऊ नका. मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर होता, तुमच्या हार्ड डिस्कवर नव्हता, तो डिस्कवरून काढणार कसा?

खातं नोकरीच्या ठिकाणचं असेल आणि एक्सपोर्टचं बटण दिसत नसेल तर एक्स्टेन्शननं वाट काढू नका. ते बटण ठरवून काढलेलं असतं. आयटी विभागाला लेखी विचारा.

चॅट कोर्टात किंवा पोलिसांकडे द्यायचं असेल तर स्वतः काही बदलू नका, नावसुद्धा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा असतो, शिवाय फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक, लिहावा लागतो. वर्डमध्ये उघडून नुसतं सेव्ह केलं तरी हॅश बदलतो. आधी वकील गाठा, मग एक्सपोर्ट. अशी कामं मी दुकानात घेत नाही, सरळ परत पाठवतो.

एक्स्टेन्शन टाकल्यावर अनोळखी ठिकाणाहून लॉगिन दिसलं तर एक्स्टेन्शन काढा, पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. चॅटमध्ये बँकेचे तपशील होते आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तातडीनं फोन करा. फाइलची दुरुस्ती नंतर.

आणि शेवटचं, जेसन इतकी मोठी की ब्राउझर उघडता उघडता गोठतो, किंवा फांद्यांमधून विशिष्ट मजकूर निवडून काढायचाय. हे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्या माणसाचं काम. त्याला खूप वेळ लागत नाही. पूर्ण झिप देण्याआधी एक साधं, खासगी नसलेलं चॅट असलेल्या दुसऱ्या खात्याची झिप देऊन त्याचा प्रोग्रॅम नीट चालतो का बघा, वरचं चाचणीचं वाक्य त्यात असू द्या. मग खरी फाइल द्या, आणि काम झाल्यावर त्याच्या लॅपटॉपवरून ती पुसली जाताना शेजारी बसून बघा.